बिलाच्या मागे काढलेलं चित्र: मालवणच्या एका औषधाच्या दुकानाबद्दल

माझ्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद लावलेला आहे. औषधाच्या दुकानाचं बिल. पुढच्या बाजूला टेल्मिसार्टन ४० च्या तीन पट्ट्या आणि तारीख. मागच्या बाजूला निळ्या पेनाने काढलेलं चित्र: एका कोपऱ्यात किडनी, वर यकृत, मधे फुप्फुस, आणि खाली रक्तवाहिनीचा एक तुकडा. त्या तुकड्याच्या भिंतीत एक छोटं दार आणि दारावर ठसठशीत फुली. ती फुली म्हणजे माझी रोज सकाळची बी.पी.ची गोळी.

दुकान मालवणच्या बाजारपेठेत आहे. नाव लिहीत नाही, कारण दुकानाच्या ताईने तसं बजावलंय. बाजारात ‘चित्र काढून देणारी ताई’ म्हणून विचारलंत तर कोणीही बोट दाखवील. ती शिकलेली फार्मासिस्ट आहे, आणि काउंटरवर ती स्वतः असते; तिच्या नावाचं सर्टिफिकेट भिंतीला आणि विकायला भलताच पोरगा, असं तिथे होत नाही. मी तारकर्लीला घरगुती जेवणाची सोय चालवते, वय ५४. दोन वर्षं तिथून औषधं घेतेय. माझ्यासारखे पुष्कळ जण केवळ कळत नाही म्हणून गोळ्या सोडतात, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या वडिलांनी अशाच सोडल्या. माहेर शिरोड्याचं, मिठागरांच्या कडेला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. बाबांना बी.पी. निघालं तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली, महिन्याभरात आकडा खाली आला, आणि बाबा म्हणाले, “आता बरां वाटता माका, गोळी कित्याक खाऊ?” घरात कोणाकडेच त्याचं उत्तर नव्हतं. पुढच्या श्रावणात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, बोलणं गेलं. सहा वर्षं आईने त्यांना घास भरवला.

म्हणून ग्रामपंचायतीतल्या शिबिरात माझा आकडा १६८/१०४ आला तेव्हा माझे हातपाय गार पडले. गोळी सुरू झाली, रामिप्रिल. तीन आठवड्यांत कोरडा खोकला लागला. रात्री जास्त, कफ काहीच नाही, नुसती घशात खवखव. मला वाटलं फोडणीचा धूर, नाहीतर मिरची भाजल्याचा ठसका. मी तेव्हा जवळच्याच एका दुसऱ्या दुकानातून औषधं आणत होते. त्यांनी खोकल्याची बाटली दिली, मग दुसरी बाटली, मग सर्दीच्या गोळ्या. दोन महिन्यांत तिथे कोणीही एकदा विचारलं नाही की बाई, तुम्हाला आणखी कुठली गोळी चालू आहे. खोकला तसाच, आणि वर आकडा चढायला लागला.

शेवटी बाजारात गेले असताना या दुकानात शिरले आणि तीच बाटली मागितली. ताईने बाटली काढलीच नाही. म्हणाली, “काकी, खोकला कधीपासून? आणि बी.पी.ची गोळी घेता का? पट्टी आहे पिशवीत?” पट्टी होती. तिने ती उलटून वाचली, एका चिठ्ठीवर डॉक्टरांसाठी दोन ओळी लिहिल्या आणि मला परत पाठवलं. त्या दिवशी त्या दुकानाने मला एका रुपयाचंही औषध विकलं नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली आणि तीनेक आठवड्यांत खोकला गेला.

नवी गोळी घ्यायला गेले तेव्हा मी तिला सरळ विचारलं, हे काय झालं ते मला समजेल असं सांग. दुपारची एकची वेळ, दुकानात कोणी नव्हतं. तिने स्टूल पुढे केलं, बिल उलटं केलं आणि पेन उघडलं.

“माडांक पाणी घालताना पाइपाच्या तोंडार आंगठो ठेवलो तर काय जाता?” जोर वाढतो, मी म्हटलं. “बस. आपल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात. त्या आवळल्या की नळी अरुंद आणि जोर जास्त. आता प्रश्न एवढाच, की त्यांना आवळा म्हणून सांगतं कोण?”

मग तिने किडनी काढली. रक्ताचा जोर किंवा मीठ कमी पडतंय असं वाटलं की किडनी रक्तात रेनिन सोडते. या रेनिनचा शोध १८९८ मध्ये स्वीडनमध्ये लागला होता. रेनिन म्हणजे कात्री. यकृताने रक्तात सोडलेलं एक मोठं प्रथिन असतं, अँजिओटेन्सिनोजेन. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. त्याच्या टोकाचा दहा मण्यांचा तुकडा रेनिन कापून देतं. हा तुकडा स्वतः फारसं काही करत नाही. तो रक्ताबरोबर फुप्फुसात जातो, तिथल्या वाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर दुसरी कात्री बसलेली असते, तिचं नाव ए.सी.ई. ती आणखी दोन मणी तोडते. उरलेली आठ मण्यांची माळ म्हणजे अँजिओटेन्सिन दोन, आणि आवळा हा निरोप घेऊन फिरणारा हाच.

निरोप द्यायला त्याला पेशीच्या आत जावं लागत नाही, ही गोष्ट मला फार आवडली. वाडीत कोणी गेलं की निरोप्या प्रत्येक घराच्या खळ्यातूनच हाक मारतो, तसा हा दारात उभा राहतो. पेशीच्या भिंतीत एक प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात, हेच चित्रातलं दार. अँजिओटेन्सिन त्याला बाहेरून टेकला की दाराचा आकार आतल्या बाजूने जरासा बदलतो. आत दाराला लागूनच आणखी एक प्रथिन बसलेलं असतं, जी-प्रथिन. ते उठून पुढच्याला सांगतं, तो त्याच्या पुढच्याला, आणि पेशीतल्या कोठारातलं कॅल्शियम बाहेर पडतं. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, ते आणखी एकाला जागं करतं, आणि स्नायूचे धागे एकमेकांवर सरकून पेशी आखडते. हे सगळं मी बोलून दाखवायच्या आत होऊन जातं. जी-प्रथिनांच्या शोधाला १९९४ मध्ये नोबेल मिळालं आणि या प्रकारच्या दारांवरच्या कामाला २०१२ मध्ये, हे तिने पट्ट्या मोजता मोजता सांगितलं.

“तुमची आधीची गोळी दुसऱ्या कात्रीवर होती,” ती म्हणाली. “कात्री अडली की माळ तयार होत नाही, बी.पी. उतरतं. पण तीच कात्री ब्रॅडिकायनिन नावाच्या दुसऱ्या एका पदार्थाचेही तुकडे करत असते. कात्री अडवल्यावर तो साठतो आणि काही जणांचा घसा खवखवतो. नवी गोळी कात्रीला हात लावत नाही. ती सरळ दारात जाऊन बसते.” आणि तिने दारावर फुली मारली.

मग मी बाबांचा प्रश्न तिला विचारला. आकडा चांगला आला तर गोळी कशाला? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग फुलीवर बोट ठेवून म्हणाली, “काकी, निरोप रोज येतच राहतो. ही गोळी साधारण दिवसभर दार धरून ठेवते, म्हणून आकडा चांगला. उद्या घेतली नाहीत तर दार उघडं.”

बाबांना हे कोणी सांगितलं असतं तर त्यांना ते नक्की समजलं असतं. मिठागरात पाणी कधी घ्यायचं आणि कुठलं तोंड कधी बंद करायचं हे कळणारा माणूस तो. घरी येताना रिक्षात मी रडले.

मिठाचाही उलगडा तिथेच झाला. हाच अँजिओटेन्सिन किडनीवरच्या ग्रंथीलाही निरोप देतो, तिथून अल्डोस्टेरॉन सुटतं आणि ते किडनीला सांगतं, मीठ बाहेर टाकू नको. मीठ राहिलं की पाणी राहतं, पाणी राहिलं की नळीतला भरणा वाढतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचा, तोही भरलेला नाही. सुके बोंबील, सुकट, खारवलेली कैरी, पापड, लोणचं यांतलं सगळं त्यात धरायचं. मी आता सुक्या मासळीचं पाणी दोनदा बदलते आणि आमटीत कोकमं वाढवते. आंबटपणा असला की मीठ कमी लागतं. पाहुण्यांपैकी कोणी अजून तक्रार केली नाही.

दुकानाच्या दाराशी पाठीला टेका असलेली एक खुर्ची आहे. तिथे बी.पी. बघून देतात, पण कोणालाही आल्या आल्या पट्टा बांधत नाहीत. आधी पाच मिनिटं बसायचं, पाय जमिनीला टेकवून, पायावर पाय नाही. चहा अर्ध्या तासाच्या आत घेतला असेल तर थांबायचं. हात छातीच्या उंचीला टेबलावर. बोलायचं नाही, आणि हा नियम ती फार कडक पाळते. एका गृहस्थांचा फोन वाजला, त्यांनी उचलला, तिने पट्टा सोडला आणि पुन्हा पाच मिनिटं लावली. मी स्वतः बाजारातून पिशव्या घेऊन धापा टाकत गेले होते तेव्हा पहिला आकडा १५२/९४ आला. बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा बघितल्यावर १३८/८६. घरचं मशीन घेऊन गेलात तर आपल्या मशीनशी ताडून देते. माझा पट्टा दंडाला तोकडा होता, त्यामुळे घरी आकडा जास्त दिसायचा. तिने मोठा पट्टा मागवून दिला. घरी सरासरी १३५/८५ च्या खाली हवी, हे तिने मशीनच्या खोक्यावरच लिहून दिलं.

आता ती काय विकत नाही ते सांगते, कारण माझ्या मते तिथे दुकान ओळखावं. बी.पी.च्या माणसाला विचारल्याशिवाय सर्दीची गोळी देत नाही. पुष्कळ सर्दीच्या गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असतं. नाकातल्या वाहिन्या आवळून नाक मोकळं व्हावं म्हणून ते घालतात, पण वाहिन्या काही नाकातच नसतात. त्याचं दार वेगळं, निरोप तोच. माझा आकडा त्या दोन महिन्यांत का चढला ते मला तेव्हा कळलं. सांधेदुखीच्या गोळ्या हातात ठेवत नाही, कारण डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मीठपाणी अडवतात आणि बी.पी.च्या गोळीचा जोर कमी करतात. आमच्या शेजारणीला गुडघ्यासाठी रोज एक लागायची. तिला तिने डॉक्टरांकडे पाठवलं.

आणि कमी सोडियमचं मीठ. शहरातून आलेली मंडळी हे पाकीट हौसेने आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. माझ्यासारखी सार्टन जातीची गोळी घेणाऱ्याच्या अंगात पोटॅशियम आधीच जास्त राहू शकतं, आणि किडनी अधू असेल तर ते हृदयाच्या ठोक्यांवर जातं. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर. आपल्याकडे आजारी माणसाला पहिलं शहाळंच देतात, म्हणून हे लिहिते. किडनी चांगली असेल तर एखाद्या शहाळ्याने काही होत नाही, पण ज्यांची किडनी अधू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्या. मला तिने रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्यायला लावलं, ते आधी कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्या मालकांना अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. त्यांचे घोटे सुजले आणि ते घाबरले की किडनी गेली. तिने सांगितलं, ही गोळी पेशीच्या भिंतीतली कॅल्शियमची वाट अडवते, त्याने बारीक धमन्या सैलावतात आणि पाणी घोट्याशी झिरपतं. हे पुष्कळांना होतं, पण मनाने बंद करू नका, डॉक्टरांना पाय दाखवा. डॉक्टरांनी डोस कमी करून दुसरी गोळी जोडली. स्वतःहून तिने एकदाही कोणाची गोळी बदललेली मी पाहिली नाही. चिठ्ठी लिहिते आणि पाठवते.

एक गोष्ट कामाची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आंब्याच्या बागेत काम करणारा एक माणूस गोळ्या घेत होता आणि फुरशाची गोष्ट निघाली. आमच्याकडे गवत कापायच्या दिवसांत ती निघतेच. ताई त्याला म्हणाली, तुझी गोळी सापाच्याच विषावरून सुचलेली आहे. फुरशाच्याच कुळातला ब्राझीलमधला जराराका नावाचा साप. त्याच्या विषात सर्जिओ फेरेरा यांना १९६५ च्या सुमारास ती दुसरी कात्री अडवणारे पदार्थ मिळाले, त्यांच्या धर्तीवर कॅप्टोप्रिल बनलं आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आणि आपली सर्पगंधा? मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये बी.पी.वरचं औषध म्हणून तिच्यावर लेख लिहिला, आणि मग जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिच्यातलं रेसरपिन मज्जातंतूंच्या टोकांतला निरोपाचा साठाच रिकामा करतं. त्या माणसाने विचारलं, मग परड्यातली मुळी उगाळून घेऊ काय? ती एकदम कडक झाली. मुळीत किती औषध आहे ते मोजता येत नाही, आणि रेसरपिनने माणूस मनाने खचूही शकतो. नाही म्हणजे नाही.

दुकानात खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. दीड ते साडेचार शटर खाली; तारकर्ली-देवबागकडून रिक्षा करून आलेल्या माणसाने तीन तास कुठे काढायचे? चतुर्थीच्या आधी चाकरमानी येतात आणि नेमक्या गोळ्या संपतात. मागच्या वर्षी मला चार दिवस दुसरीकडून घ्याव्या लागल्या, तेव्हा आता मी पंधरा दिवस आधीच आणून ठेवते. ऑनलाइन मिळते तशी सूट इथे मिळत नाही. मात्र विचारलंत तर त्याच औषधाची स्वस्तातली जेनेरिक पट्टी ती दाखवते आणि जनौषधी केंद्राचा पत्ताही देते.

सगळ्यात मोठी तक्रार वेगळी आहे. काउंटर एवढासा, मागे रांग, आणि बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. एक तरुण मुलगी टेल्मिसार्टन घ्यायला आली होती. ताईने विचारलं, बाळाचा विचार आहे का, कारण दिवस गेल्यावर ही गोळी चालत नाही, बाळाला अपाय होतो. प्रश्न अगदी बरोबर होता आणि विचारायलाच हवा होता. पण त्या मुलीच्या मागे तिच्याच वाडीतल्या दोन बायका उभ्या होत्या. तिचा चेहरा मी पाहिला. असं विचारायला आत एक आडोसा हवा. मी हे ताईला तोंडावर सांगितलंय. ती म्हणाली जागा नाही. पडदा लावायला किती जागा लागते?

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या पडद्यासाठी ठेवलाय.

जायचं असेल तर संध्याकाळी पाचच्या पुढे जा, आणि घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा. चित्र हवं असेल तर पावसाळ्यातली दुपार गाठा, एकच्या आत; पर्यटक नसतात आणि ती बसून बोलते.

गेल्या महिन्यात माझा कागद हळद आणि तेलाने पार पिवळा झाला, म्हणून मी नवा काढून मागितला. यावेळी तिने आणखी थोडं घातलं. मी विचारलं होतं की एकदा निरोप आत गेला की पेशी कायमची आवळलेली का राहत नाही. तर वाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, तो भिंतीतल्या पेशींना सैल व्हायला सांगतो. त्या शोधाला १९९८ चं नोबेल आहे. आणि पेशीच्या आत आर.जी.एस. नावाची प्रथिनं असतात, उठलेल्या जी-प्रथिनाला लवकर खाली बसवणं हे त्यांचं काम. त्यातलं आर.जी.एस. दोन ज्या उंदरांत नव्हतं त्यांचा रक्तदाब चढलेला निघाला, आणि २००३ मध्ये असंही दिसलं की नायट्रिक ऑक्साइडचा निरोप काही अंशी याच प्रथिनाकडून काम करून घेतो. याच्यावर अजून गोळी नाही, ती म्हणाली, पण चित्रात असू दे.

नव्या कागदावर फुलीच्या आतल्या बाजूला आता दोन बारीक माणसं आहेत. एक उठून उभा राहिलेला, आणि दुसरा त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवणारा.